सलामी झडायच्या आधी

आमचा दादा विमान चालवायचा आणि स्कूटरला भ्यायचा. मुंबईहून रजेवर आला की माझे यजमान स्कूटर घेऊन त्याला आणायला स्टँडवर जायचे. दादा आपली बॅग स्कूटरवर ठेवायचा आणि स्वतः मागून चालत यायचा. "बॅग पडली तर उचलता येते," असं म्हणायचा. बिंदू चौकात रस्ता ओलांडायचा तर आधी उजवीकडे बघायचा, मग डावीकडे, मग परत उजवीकडे, आणि तेवढ्यात एखादी म्हैस दिसली तर तिचं शेपूट वळणाआड जाईपर्यंत थांबायचा. मला दोन मुलं झाली होती, शाळेत माझ्या नुसत्या पावलांच्या आवाजानं वर्ग गप्प व्हायचे, तरी रस्ता ओलांडताना हा माझं मनगट धरायचा. मी चिडायचे. तो सोडायचा नाही.

निरोप घेताना तो कुणाला 'येतो' म्हणायचा नाही, 'जपून' म्हणायचा. दूधवाल्याला जपून, पोस्टमनला जपून, गॅलरीतून वाकून भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या काकूंना तर दोनदा जपून. आमच्या पेठेत बारशातलं नाव माणसाला फार दिवस पुरत नाही. दादाचं मॅट्रिकच्या आतच गेलं आणि 'जपूनराव' हे चिकटलं ते चिकटलंच. पुढे खांद्यावर चार पट्ट्या आल्या, तरी पेठेत त्याला कॅप्टन म्हणून हाक मारणारा एक माणूस निघाला नाही. "जपूनराव आल्यात व्हय?" एवढंच विचारायचे, आणि विचारताना हसायचे.

दुसऱ्या एखाद्या गावात असं नाव खपूनही गेलं असतं. पण आम्ही कोल्हापूरचे. इथे भीती वाटते म्हणणं म्हणजे मटण आवडत नाही म्हणण्यासारखं. त्यातून आम्ही आबांची मुलं. आबा, म्हणजे आमचे वडील, तालमीचे वस्ताद. कुस्तीनं चुरगाळलेले कान, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढी उंची, आणि बोलणं इतकं कमी की शेजारच्यांना ते सदा रागावलेत असं वाटायचं. पहाटे तालमीत पोरं त्यांच्या पायाशी बसायची. त्यांच्या पोटी हा पोरगा, जो उंबरा ओलांडताना खाली बघायचा.

मी अगदी लहान असतानाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कुरुंदवाडकडच्या एका गावची जत्रा होती. मोठ्या मुलींना कुस्तीच्या मैदानात नेत नसत, मी लहान म्हणून मामाच्या खांद्यावर बसून गेले होते. दादा तेव्हा आठवी-नववीत असेल. त्याची जोड लागली बाळूशी. बाळू त्याच गावचा, दादाच्याच वयाचा, पण अंगानं दुप्पट. कुस्तीची आमच्याकडे एक रीत आहे. दोघं हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उतरतात, मूठभर माती घेतात, एकमेकांच्या अंगाला लावतात आणि हाताला हात भिडवतात. ह्याला सलामी झडली म्हणतात. एकदा सलामी झडली की जिंका, हरा, हाड मोडा, मागं फिरता येत नाही.

दादा हौदात उतरला. माती घेतली, कपाळाला लावली. बाळूनं हात पुढे केला. दादानं त्या हाताकडे बघितलं, मग बाळूकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, मुठीतली माती परत हौदात सोडली आणि चढून बाहेर आला. सगळं मैदान हसलं. कुणीतरी शेंगांची टरफलं फेकून मारली. "पळालं की वस्तादाचं पोरगं!" असा एक आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. आबांनी विचारलं, "काय झालं?" दादा म्हणाला, "भ्या वाटलं, आबा. मान मोडंल माझी."

आबांनी हात उगारला नाही. डोक्यावरचा फेटा सोडला, परत बांधला आणि चालू लागले. त्या दिवसापासून ते दादाशी सरळ बोललेच नाहीत. "त्याला जेवाय बोलवा." "त्याला म्हणावं, छत्री घिऊन जा." त्याच्या शिक्षणाला त्यांनी कधी आडकाठी केली नाही, आजारी पडला तर रात्र रात्र उशाशी बसत. पण जे काही बोलायचं ते आईमार्फत, आणि आई गेल्यावर माझ्यामार्फत. बाळू मात्र पुढे आबांच्याच तालमीत आला, नावारूपाला आला आणि घरच्यासारखा झाला. त्याला सगळे बाळू पैलवान म्हणू लागले. आमच्याकडे जेवायला बसला की आबा स्वतः त्याच्या ताटात वाढायचे, आणि पलीकडे दादा खाली मान घालून पांढऱ्या रश्श्यात हाडाचा तुकडा तर नाही ना हे चमच्यानं तपासत असायचा.

असा हा मुलगा वैमानिक व्हायला निघाला तेव्हा पेठेला महिनाभर करमणूक झाली. "जपूनराव इमान चालिवणार? रस्त्यावरनं न्हेणार आसंल!" मलाही हसू आलं होतं. एकदा रंकाळ्यावर बसलो असताना मी त्याला विचारलं की तुला भीती नाही का वाटत. हा कठड्यापासून चार हात लांब बसलेला. म्हणाला, "वाटते की. रोज वाटते. शालू, भित्र्याच्याच हातात विमान द्यावं. ज्याला भ्या वाटत न्हाय त्यो नीट बघत न्हाय."

त्याची भीती लपवाछपवीची नव्हती. भीती पोटात ठेवली की कुजते, बोलून टाकावी, असं त्याचं म्हणणं. घरातून बाहेर पडताना तो दारात उभा राहून मोठ्यानं विचारायचा, "गॅस?" घरातल्यांनी ओरडायचं, "बंद!" "नळ?" "बंद!" "किल्ली?" "आहे!" माझी धाकटी तर ह्या खेळासाठी मामाची वाट बघायची. एकदा मी कंटाळून सगळ्यालाच 'हो हो' म्हटलं. तो चप्पल काढून परत आत गेला आणि एकेक गोष्ट हात लावून बघून आला. त्या दिवशी आमचा सिनेमा निम्मा बुडाला.

ऐंशीनंतर कधीतरी मुंबई-कोल्हापूर विमान नव्यानं सुरू झालं. उजळाईवाडीच्या माळावर जुनी धावपट्टी होती, तिथे ते उतरायचं. पंख्यांचं छोटं विमान. दादाची नेमणूक त्याच मार्गावर झाली. पेठेतली माणसं जेवणाचे डबे बांधून विमान बघायला जायची. आबा गेले नाहीत. त्यांचं वय झालं होतं, छातीचं दुखणं सुरू झालं होतं, तालमीत ते आता नुसते खुर्ची टाकून बसायचे. आणि एक दिवस, श्रावणातला, ते अचानक बाळूला म्हणाले, "त्याचं इमान बघायचं हाय मला." बाळूनं ही बातमी तालमीत सांगितली आणि तालमीनं गावभर केली. वस्ताद जाणार म्हटल्यावर सगळेच निघाले.

मी त्या आठवड्यात शिक्षकांच्या शिबिरासाठी मुंबईला होते. रेल्वेनं परतणार होते. बाळूचा फोन आला तेव्हा मी दादाला म्हटलं, मला त्याच विमानानं ने. विमान भरलं होतं. पण वैमानिकांच्या पाठीमागे भिंतीला एक घडीची खुर्ची असते, परवानगीनं तिथे एखादा माणूस बसू शकतो. घरचं माणूस विमानात नको असा दादाचा नेम होता. तो एक दिवस विचार करत बसला, मग साहेबांकडे जाऊन परवानगी काढून आला. "पट्टा घट्ट बांधायचा," मला म्हणाला. "कशाला हात लावायचा न्हाय. मी हाक मारल्याबिगर बोलायचं न्हाय. भ्या वाटलं तर डोळे मीट."

पावसामुळे निघायलाच उशीर झाला. उजळाईवाडीला तेव्हा धावपट्टीवर दिवे नव्हते, त्यामुळे उजेड असेतो पोचणं भाग होतं. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण सहवैमानिक होता, पंजाबकडचा, हसतमुख. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून त्या दोघांचं सगळं इंग्रजीत चालायचं. मी त्या दोघांच्या मधोमध, जरा मागे, गुडघे जवळ घेऊन बसले होते. समोर काचा, त्यांच्यावर वायपरच्या पुसण्या आणि नुसता पांढरा ढग. घाटावरून येताना विमान असं आपटत होतं की दाताखाली जीभ आली. दादाचा मात्र आवाज घरातल्यासारखाच. "पंप?" "ऑन." "प्रेशर?" "नॉर्मल." माझ्या तोंडात 'बंद!' आलं होतं, ते मी गिळलं.

ढगांच्या वर जरा शांत झालं तेव्हा तो मान न वळवता मला म्हणाला, "खाली येताना एक उंची ठरलेली असते, शालू. तिथंवर धावपट्टी नीट दिसली, सगळं पटलं, तर उतरायचं. न्हाय पटलं तर वर जायचं. त्याच्या खाली गेलं की मग उतरणंच आलं." मी मान हलवली. त्यानं ते मला का सांगितलं असेल कोण जाणे. मग त्याची मान पुढे झुकली आणि आम्ही खाली येऊ लागलो.

ढग फाटत नव्हता. सहवैमानिक उंचीचे आकडे म्हणत होता आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा कमी. आता जमीन दिसेल, आता दिसेल, असं मी मनात म्हणत होते आणि दिसत काही नव्हतं. मग एकदम खाली पिवळसर पाणी चमकलं. पंचगंगा पात्र सोडून शेतात पसरली होती, उसाचे नुसते शेंडे वर. उजव्या अंगाला शिरोलीच्या फाउंड्र्यांचा धूर दिसला, आडवा, जमिनीला चिकटून पळणारा. "बघ वारा," दादा स्वतःशीच म्हणाला. वारा आम्हाला एका बाजूनं ढकलत होता. विमान नाक एकीकडे करून दुसरीकडेच चाललं होतं, खेकड्यासारखं तिरकं.

आणि मला दिवे दिसले. अंधारलेल्या माळावर दोन सरळ ओळी, पिवळ्या दिव्यांच्या, आमच्याकडेच तोंड केलेल्या. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास मी सोडला. सहवैमानिकानं बोट केलं, "रनवे इन साइट!" दादानं घातलेला नियम मोडून मी ओरडले, "दादा, ते बघ!" विमान त्या ओळींकडे वळू लागलं. मला आता दिव्यांच्या मधला ओला काळा पट्टाही दिसत होता. मी अंबाबाईचं नाव घेतलं आणि मनात म्हटलं, आबा तिथंच कुठंतरी उभे असतील.

दादा पुढे वाकून बघत होता. मानेवरची त्याची शीर मला दिसत होती. मग तो म्हणाला, मराठीत, कुणालाच उद्देशून नव्हे, "आमच्यात दिवे न्हाईत." आणि पुढच्या क्षणी इंग्रजीत, "मला भीती वाटतेय. वर चाललो." त्यानं हातातला दांडा पुढे रेटला, दोन्ही पंखे किंचाळले, नाक वर उठलं. काचेच्या कडेतून मला ते दिवे अगदी जवळून जाताना दिसले. झाडांचे शेंडे दिसले. त्या दोन ओळींच्या मधे धावपट्टी नव्हती, रस्ता होता. बाभळींच्या मधला साधा डांबरी रस्ता, आणि त्याच्या दोन्ही कडांना उभ्या केलेल्या जीपगाड्या.

आम्ही परत ढगात शिरलो. मागे प्रवाशांतलं कुणीतरी रडत होतं, दुसरं कुणीतरी मोठ्यानं म्हणत होतं, "उतरिवता येत न्हाय तर आणलं कशाला?" दादा रेडिओवर खालच्या अधिकाऱ्याला शांतपणे सांगत होता, बाहेरच्या रस्त्यावरचे दिवे बंद करा, सगळे बंद करा. मग सहवैमानिकाला म्हणाला, अजून एकदा बघू. नाही पटलं तर बेळगाव. बेळगावपुरतं इंधन आहे.

बेळगाव ऐकलं आणि माझ्या जिवाचं पाणी झालं. मला खाली जायची इतकी भीती वाटत होती की खरं म्हणजे बेळगाव ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण आबा त्या पावसात उभे होते. सगळ्या तालमीदेखत, सगळ्या पेठेदेखत हा दुसऱ्यांदा तोंड फिरवून निघून जाणार, आणि आबांची छाती ही अशी. परत एकदा ते यायचे नाहीत हे मला कळत होतं. मी म्हटलं, "दादा, आबा आलेत."

"ठावं हाय," तो म्हणाला. "आता बोलू नको. आबा खाली हायत हे डोक्यात आलं की हात चुकतो. खाली कोण न्हाय. नुसती जमीन हाय."

त्या वेळी खाली काय चाललं होतं ते मला नंतर बाळूनं सांगितलं, आणि सांगताना तो पन्नाशीकडे झुकलेला पैलवान लहान पोरासारखा रडला. दिव्यांची कल्पना त्याचीच. अंधारून आलं, विमान येईना, तेव्हा ह्यानं ठरवलं की दादाला वाट दाखवायची. पहारेकऱ्यानं धावपट्टीवर सोडलं नाही, म्हणून तारेच्या कुंपणाबाहेर, धावपट्टीला समांतर रस्ता होता तिथे जीपगाड्या आणि बुलेट दोन्ही बाजूंनी ओळीनं लावल्या आणि सगळ्यांचे दिवे चालू केले. उरुसात गाडी वळवून घेतात तसा सगळा उत्साह. विमान डोक्यावरून गर्जना करत आलं आणि परत वर निघून गेलं, तेव्हा गर्दीतून एक जण हसला, "गेला की पळून!" आबांनी ते ऐकलं. बाळू म्हणतो, वस्तादांचा हात माझ्या खांद्यावर हुता, त्यो हाडात रुतला.

मग अधिकारी ओरडत आला, दिवे बंद करा. बाळू ऐकेना. "दिवं बंद केल्यावर त्यो याचा कसा? उलटं जास्त लावा!" सगळी पोरं त्याच्याच बाजूची. तेव्हा आबा बोलले. "वर कोण बसलाय?" बाळू म्हणाला, "आपला दादा." "मग त्यो म्हणतोय बंद करा, तर बंद करा. त्याला दिसतंय ते तुला दिसतंय व्हय?" एकेक करून गाड्यांचे दिवे मालवले आणि माळावर करडा अंधार झाला.

आम्ही परत खाली आलो तेव्हा समोर काहीच नव्हतं. पावसाच्या रेघा आणि राखाडी माळ. तिरकं विमान, बाजूच्या काचेतून पुढचं दिसतंय असं, आणि सहवैमानिकाचे ते आकडे. माझे डोळे मिटता मिटेनात. आता ही गावठाणाची कौलं, ही विहीर, ही बाभूळ, सगळं आमच्याकडे धावत येत होतं. आकडा त्या ठरलेल्या उंचीवर आला. "डिसाइड," सहवैमानिक म्हणाला, आणि त्याचा हसरा आवाज आता चिरका झाला होता. दादा बघत होता. तो जेवढा वेळ बघत राहिला तेवढ्यात मी आमच्या सगळ्या घरादाराला निरोप देऊन टाकला. मग पावसातून एक सरळ, ओला, काळा पट्टा दिसला आणि त्याच्या कडेची पांढरी खूण. "लँडिंग," दादा म्हणाला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एक पंख जमिनीकडे झुकला, आता टेकणार असं वाटलं. अगदी शेवटी दादाच्या पायानं काहीतरी दाबलं आणि तिरकं नाक सरळ झालं. एक चाक आपटलं, मग दुसरं, मग पाण्याची भिंत उठली आणि काचेतून काही दिसेना. विमान घसरत होतं. तो पाय रोवून बसला होता, खांदे ताठ, आणि मी त्याच्या खुर्चीची पाठ नखांनी धरली होती. माळाची कड, जिथून पुढे जमीन खाली उतरते, ती जवळ आली, अजून जवळ आली आणि थांबली. आम्ही थांबलो होतो.

पुसण्या तेवढ्या चालू होत्या. मग दादानं आपले दोन्ही हात समोर धरले आणि मला दाखवले. ते पिंपळाच्या पानासारखे थरथरत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. "आता भ्यायला हरकत न्हाय," तो म्हणाला. सहवैमानिकाला मराठी कळत नव्हतं, पण तो हसू लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

खाली उतरलो. पायाखाली तांबडा चिखल. आबा फेटा भिजवून उभे होते, एक हात बाळूच्या खांद्यावर. बाळू धावतच पुढे आला. "काय दादा! लाइटी कशा वाटल्या? पयल्यांदा आमच्या लाइटीवरच आलतासा न्हवं?" दादाचा चेहरा पांढरा पडला. तो त्याला हळू आवाजात म्हणाला, "बाळू, मी तुझ्या लाइटीवर उतरणारच हुतो. त्या बाभळीत." बाळूला समजायला एक क्षण लागला. मग तो आडदांड माणूस त्या चिखलात मटकन खाली बसला आणि दादानं वाकून त्याला उठवलं.

आबा हे सगळं बघत होते. मग ते दादाला म्हणाले, सरळ त्यालाच, माझ्याकडे न बघता, "पयल्यांदा मागं का फिरलास?"

इतक्या वर्षांनी आलेल्या त्या सरळ प्रश्नानं दादा शाळकरी पोरासारखा उभा राहिला. "पटलं न्हाय, आबा. भ्या वाटलं."

"आनि ह्या बारीला?"

"ह्या बारीला पटलं."

"कितीबी खाली आल्यावर मागं फिरता येतं?"

"न्हाय. एक उंची असते. त्याच्या आधीच काय ते ठरवाय लागतं. नंतर न्हाय."

आबा वळले. विमानाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी सलामी झडायच्या आदी."

"व्हय," दादा म्हणाला.

जीपमध्ये बसताना आबांना दोघांनी आधार दिला. एका बाजूला बाळू, दुसऱ्या बाजूला दादा. गाडी सुरू झाली, उजळाईवाडीचा माळ मागे पडला. हमरस्त्याला लागल्यावर आबा पुढे बघतच म्हणाले, "तवाबी झडली नव्हती." बाळूला कळलं नाही, त्यानं "काय वो वस्ताद?" असं विचारलं. दादाला कळलं. त्यानं खिडकीकडे तोंड केलं आणि घरापर्यंत ते इकडे वळवलं नाही. मी मागे बसून ओठ दाबून रडत होते, आणि ते भीतीचं रडू होतं की कशाचं हे मलाही सांगता आलं नसतं.

आबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. पण राहिले तेवढे दिवस त्यांनी तालमीत एक नवी रीत पाडली. पोरगं हौदात उतरलं की खुर्चीवरून विचारायचे, "भ्या वाटतंय का? वाटत आसंल तर आत्ताच सांग. लाजायचं काम न्हाय." पेठेतल्या जुन्या माणसांना ते चमत्कारिक वाटलं. बाळू आता वस्ताद आहे, तोही विचारतो. दादाशी आबा शेवटपर्यंत कमीच बोलले, पण जे काही बोलायचं ते त्यालाच बोलले. "छत्री घेतलीस का?" हे विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

दादा निवृत्त होऊन गावी परतला आणि इथे परत सगळ्यांना जपून जपून म्हणत फिरू लागला. स्कूटरवर तो कधीच बसला नाही. पुढे त्याच्याही छातीनं दगा दिला, आबांसारखाच. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्यानं डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसले आणि चित्र काढून समजावत राहिले. दोनदा त्यानं नको म्हणून सांगितलं, घरी आला. तिसऱ्यांदा स्वतःच बॅग भरली.

ऑपरेशनसाठी आत नेताना मी त्याच्या स्ट्रेचरच्या गाडीबरोबर चालत होते. जन्मभर ह्यानं माझं मनगट धरलं होतं, आज मी त्याचं धरलं होतं. "भ्या वाटतंय का रे?" मी विचारलं. "लई," तो म्हणाला. मी म्हटलं, "अजून सांगता येईल डॉक्टरांना. आपण घरी जाऊ." त्यानं मान हलवली आणि माझ्याकडे बघून जरासा हसला. "न्हाय, शालू. आता सलामी झडली."

दारापाशी त्यांनी मला थांबवलं. मी त्याचा हात सोडला आणि म्हटलं, "दादा, जपून." दार लागलं. संध्याकाळी ते उघडलं तेव्हा डॉक्टर एकटेच बाहेर आले.

उजळाईवाडीच्या त्या संध्याकाळी मी विमानात होते, म्हणून मला वाटायचं की सगळ्यांत जास्त भीती मला वाटली. तसं नव्हतं. वर निदान दादा समोर दिसत होता, त्याची मान, त्याचे हात. आबा खाली उभे होते, ढगातला नुसता आवाज ऐकत. ऑपरेशनच्या त्या दारासमोरच्या बाकावर मी बसले तेव्हा मला ते कळलं.